गन्स अँड रोझेस: न आलेली गाणी, आणि आली ती नक्की कोणाची?

अर्धवट_सूर (धागाकर्ता)

२०२१ पासून गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडनं सहा गाणी काढली. 'ॲब्सर्ड' आणि 'हार्ड स्कूल' २०२१ मध्ये, 'परहॅप्स' आणि 'द जनरल' २०२३ मध्ये, 'नथिन' आणि 'ॲटलस' डिसेंबर २०२५ मध्ये. जाहिरातीत सहाही नवी. प्रत्यक्षात सगळ्यांची पाळंमुळं 'चायनीज डेमोक्रसी' या अल्बमच्या लांबलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे शतक पालटलं त्या सुमारास. तेव्हा गिटारवादक स्लॅश बँडमध्ये नव्हता, तो ऑक्टोबर १९९६ मध्येच गेला. डफ मॅकेगनही १९९७ मध्ये गेला. आणि आज याच गाण्यांवर गिटार स्लॅशची, बेस डफचा.

तर प्रश्न दोन. न आलेल्या गाण्यांच्या पोतडीत अजून काय उरलंय? आणि त्यातून जे निघेल ते कोणत्या गन्स अँड रोझेसचं म्हणायचं?

माझा अंदाज आधीच मांडून ठेवतो, मग काय झोडपायचं ते झोडपा. जुन्या साठ्यातून पूर्ण अल्बम येणार नाही. दोन-दोन गाणी सुटी येत राहतील. जुन्या रेकॉर्डिंगवर आजच्या माणसांनी वाजवायचं हे एकेका गाण्यापुरतं निभतं, पण बारा गाणी शेजारी ठेवली की जोड उघडे पडतात.

निवांत

वाचतेय. पण मला 'स्वीट चाइल्ड'च्या पुढचं फारसं माहीत नाही. कोण कधी आलं, कधी गेलं, हे कोणी थोडक्यात सांगेल का? विकिपीडियावर तो रंगीत पट्ट्यांचा तक्ता बघून गरगरलं.

तबलजी

थोडक्यात कठीण आहे, तरी बघतो.

१९८५, लॉस एंजेलिस. हॉलिवूड रोझ आणि एल. ए. गन्स या दोन बँडमधून हा तिसरा निघाला. ज्याला सगळे 'मूळ पाच' म्हणतात ते म्हणजे गायक ॲक्सल रोझ, गिटारवर स्लॅश आणि इझी स्ट्रॅडलिन, बेसवर डफ आणि ड्रमवर स्टीव्हन ॲडलर. जुलै १९८७ मध्ये 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' यांनीच केला. १९९० मध्ये ॲडलरला काढलं आणि 'द कल्ट'मधून मॅट सोरम आला. त्याच वर्षी कीबोर्डला डिझी रीड. सप्टेंबर १९९१ मध्ये 'यूज युअर इल्युजन'चे दोन भाग एकाच दिवशी आले आणि दोन महिन्यांत इझी निघून गेला. त्याच्या जागी गिल्बी क्लार्क, तोही १९९४ पर्यंतच. मग स्लॅश, सोरम, डफ असे एकापाठोपाठ एक. उरले ॲक्सल आणि डिझी.

मधल्या काळात ॲक्सलचा इंडियानातला जुना मित्र पॉल टोबायस गिटारला आला होता. नंतर नाइन इंच नेल्सचा रॉबिन फिंक, रिप्लेसमेंट्सचा टॉमी स्टिन्सन (बेस), जॉश फ्रीझ (ड्रम), ख्रिस पिटमन. २००० मध्ये डोक्यावर चिकनची बादली आणि तोंडावर मुखवटा घालणारा बकेटहेड, आणि फ्रीझच्या जागी ब्रेन. त्यानंतर रिचर्ड फॉर्टस. बकेटहेड २००४ मध्ये गेला. २००६ मध्ये बंबलफूट आणि ड्रमला फ्रँक फेरर, २००९ मध्ये डीजे अश्बा. २०१६ मध्ये स्लॅश आणि डफ परतले, सोबत मेलिसा रीस आली. मार्च २०२५ मध्ये फेरर गेला, आयझॅक कार्पेंटर आला. हा आधी डफच्याच 'लोडेड'मध्ये वाजवायचा.

एक गंमत बघा. बँड मुंबईत दोनदा येऊन गेला, डिसेंबर २०१२ मध्ये आणि १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर. दोन्ही वेळा मंचावर होते असे फक्त तिघे: ॲक्सल, डिझी आणि फॉर्टस. पोस्टरवर नाव तेच, माणसं निम्म्याहून जास्त वेगळी.

खवचट

याला बँड म्हणत नाहीत, हजेरीपट म्हणतात.

निवांत

धन्यवाद तबलजी! इझीला २०१६ मध्ये का नाही घेतलं?

तबलजी

कमाईची समान वाटणी करायची तयारी नव्हती, असं त्यानं स्वतः जाहीरपणे म्हटलंय. बाकी आतलं त्यांनाच ठाऊक. त्या पुनर्मीलनाच्या दौऱ्यानं शेवटी ५८ कोटी डॉलरच्या वर कमावले, म्हणजे वाटणीचा मुद्दा किरकोळ नव्हता.

कोपऱ्यातला

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात थोडीफार वर्षं काढलीत, म्हणून हा माझा आवडता विषय.

'चायनीज डेमोक्रसी' कसा बनला हे कळल्याशिवाय पोतडीतली गाणी कळणार नाहीत. निर्माते बदलत गेले: यूथ, शॉन बीव्हन, क्वीनबरोबर काम केलेले रॉय थॉमस बेकर. जो नवा निर्माता येई तो आधीचं पुन्हा तपासायचा, जो नवा वादक येई तो आधीच्यावर आणखी एक थर चढवायचा. फ्रीझनं वाजवलेले ड्रम ब्रेनकडून पुन्हा वाजवून घेतले, तेही त्याला हवे तसे नव्हे. फ्रीझचं वाजवणं नोटेशनमध्ये उतरवून त्याबरहुकूम. म्हणजे माणूस नवा, हात नवा, पण ठोका जुन्या माणसाचा. 'कॅचर इन द राय'साठी क्वीनच्या ब्रायन मेनं सोलो वाजवला होता, अंतिम अल्बममध्ये तो नाही. बकेटहेडसाठी स्टुडिओत कोंबड्यांचं खुराडं उभारलं होतं आणि तो त्यात बसून वाजवायचा, ही दंतकथा नाही, खरंच घडलंय. २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं खर्चाचा आकडा १ कोटी ३० लाख डॉलर दिला होता, तेव्हा अल्बम यायला अजून तीन वर्षं होती. अखेर २३ नोव्हेंबर २००८ ला घोडं गंगेत न्हालं.

तर एकेका गाण्याची गोधडी झालेली आहे. वरून स्लॅशचं ठिगळ दिसतं, उसवलं तर खाली बंबलफूट, त्याखाली बकेटहेड, फिंक, सगळ्यात खाली टोबायस. अंतिम मिक्समध्ये कोणाला खुला ठेवायचा आणि कोणाला बंद, एवढाच निर्णय असतो. हा निर्णय म्हणजेच 'लाइनअप', म्हणजे बँडमधल्या माणसांचा संच. माणसं स्टुडिओतून जातात, ट्रॅक जात नाहीत.

म्हणून "हे कोणत्या बँडचं" हा प्रश्न मला चुकीच्या ठिकाणी विचारल्यासारखा वाटतो. मंचावर लाइनअप असतं. हार्ड डिस्कवर नसतं.

खवचट

२००८ चा विषय निघालाच आहे तर डॉ. पेपरचा किस्सा कोणीतरी सांगायलाच हवा. त्या शीतपेय कंपनीनं पैज लावली होती: २००८ मध्ये अल्बम आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. अपवाद फक्त स्लॅश आणि बकेटहेड. अल्बम खरंच आला, कूपनसाठी लोक तुटून पडले, वेबसाइट कोलमडली आणि बँडच्या वकिलानं कंपनीला खरमरीत पत्र धाडलं. अल्बम रखडला त्या चौदा वर्षांत एवढ्या तत्परतेनं झालेलं एकमेव काम.

मृ_न

कोपऱ्यातला, प्रतिसाद आवडला, पण शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. "ट्रॅक जात नाहीत" म्हणून जबाबदारी संपत नाही.

१९९४ आठवा. एका चित्रपटासाठी बँडनं रोलिंग स्टोन्सचं 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' वाजवलं. त्यात स्लॅशच्या गिटारवर टोबायसची गिटार चढवली गेली आणि त्यावरून स्लॅश जाम भडकला. बँड फुटण्याच्या कारणांत तो स्वतः हे कारण मोजतो. आपल्या वाजवण्यावर दुसऱ्याचं चढवलं हा अपमान, आणि एका गिटारवादकाला तो अपमान वाटणं मला पूर्ण समजतं.

आता २०२१ मध्ये या. 'हार्ड स्कूल'चा जुना अवतार चाहत्यांमध्ये 'जॅकी चॅन' नावानं फिरत होता. त्यावरच्या जुन्या गिटार काढून किंवा मागे ढकलून स्लॅशची चढवली. याला मात्र आपण काय म्हणतो? "अखेर खरा बँड परतला." म्हणजे टोबायसनं केलं तर भेसळ आणि स्लॅशनं केलं तर शुद्धीकरण?

मला 'परहॅप्स' आवडतं. स्लॅशचा सोलो छानच आहे. पण फिंक आणि बकेटहेड या गाण्यांच्या जन्माच्या वेळी खोलीत होते. ते भाडोत्री वादक होते असं समजून आपण त्यांना खुशाल पुसून टाकतो, हे मला खटकतं.

अर्धवट_सूर

हा १९९४ चा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. जबरदस्त.

पडेल_राग

मृ_न, तुलना पूर्ण जुळत नाही. १९९४ मध्ये स्लॅश बँडमध्ये होता, भागीदार होता आणि त्याला न विचारता झालं. बकेटहेड २००४ मध्ये स्वतःहून गेला, आपलं काम मागे ठेवून. शिवाय ज्यांनी पैसे भरून तिकीट काढलं त्यांनी स्लॅश ऐकायला काढलं. बँडनं जे वाजवता येईल तेच काढावं ना? आज मंचावर 'द जनरल' वाजवायचं तर बकेटहेडला बोलावणार का?

मृ_न

वाजवायला हरकत नाहीच. प्रश्न रेकॉर्डिंगचा आहे. मंचावर कोणीही वाजवा. इझीची किती गाणी इतरांनी वर्षानुवर्षं वाजवली, कोणाची तक्रार नाही.

तबलजी

ड्रमवाल्यांची कोणाला पडलेली नसते, म्हणून मी बोलतो. हा प्रकार चायनीज डेमोक्रसीपासून सुरू झाला असं धाग्यात गृहीत धरलंय, पण मुळं आणखी खोल आहेत. 'यूज युअर इल्युजन २' चं पहिलं गाणं 'सिव्हिल वॉर'. दोन्ही अल्बममध्ये एवढ्या एकाच गाण्यावर ॲडलरचे ड्रम आहेत, बाकी सगळीकडे सोरम. गाणं आधी १९९० मध्ये एका मदतनिधीच्या संग्रहासाठी दिलं होतं, म्हणून ॲडलरचा ट्रॅक टिकला. हेडफोन लावून 'सिव्हिल वॉर' आणि लगेच 'यू कुड बी माइन' ऐका. सोरम ताकदीचा आहे, भिंत उभी करतो. ॲडलर ठोक्याच्या किंचित मागेपुढे डुलतो, आणि 'ॲपेटाइट' ज्याच्यामुळे नाचतो ते हेच डुलणं. ड्रमर बदलला की बँडची चालच बदलते, गिटारचं नंतर.

दुसरं, ज्या टोबायसला लोक शिव्या घालतात, त्याचं नाव 'यूज युअर इल्युजन १' वर आहेच. 'बॅक ऑफ बिच' हे गाणं ॲक्सल आणि त्यानं मिळून लिहिलेलं. माणूस बँडमध्ये यायच्या आधी त्याचं गाणं बँडमध्ये आलेलं होतं!

आणि म्हणून मला आता सगळ्यात जास्त उत्सुकता कार्पेंटरची आहे. जुन्या साठ्यातलं पुढचं गाणं आलं तर त्यावर ड्रम कोणाचे? फ्रीझ, ब्रेन, फेरर की कार्पेंटर? माझी पैज: खाली ब्रेन, वर फेरर, आणि श्रेयनामावलीत वाद.

कोपऱ्यातला

तबलजींना अनुमोदन. पुस्ती जोडतो. ॲक्सलचा आवाज ऐका. या सहाही गाण्यांत मुख्य गायन बऱ्याच अंशी जुन्या काळचंच असावं असा माझा कान सांगतो. मंचावरचा आजचा आवाज आणि रेकॉर्डिंगवरचा आवाज यांत जो फरक आहे तो नुसत्या मिक्सिंगनं पडत नाही. तसं असेल तर या गाण्यांत एकाच वेळी दोन काळ गातात-वाजवतात: गायक २००० चा, गिटार २०२० नंतरची. धागाकर्ते जे जोड म्हणतायत ते इथे आहेत.

गुपचूप

त्या २०१९ च्या लॉकरबद्दल कोणी बोलत नाहीये? तिथे कितीतरी गाणी मिळाली म्हणे. कोणाकडे आहेत का? व्यनि (खाजगी निरोप) करा.

मृ_न

गुपचूप, इथे दुवे मागू नका, धागा बंद पडेल.

लॉकरचं थोडक्यात: टॉम झुटॉट यांनी १९८६ मध्ये बँडला गेफन या रेकॉर्ड कंपनीत आणलं. २००१ च्या सुमारास त्यांनाच पुन्हा बोलावलं, हा अल्बम एकदाचा पूर्ण करून घ्यायला. त्यांचं सामान असलेलं व्हर्जिनियातलं एक स्टोरेज लॉकर नंतर लिलावात गेलं. ज्यानं घेतलं त्याला आत कच्च्या रेकॉर्डिंगच्या सीडी सापडल्या आणि तिथून २०१९ मध्ये 'व्हिलेज सेशन्स' म्हणून सगळीकडे पसरल्या. 'व्हिलेज' हे स्टुडिओचं नाव. यात बरेच नुसते वाद्यांचे तुकडे आहेत, गायन नाही. त्यामुळे "डझनभर तयार गाणी दाबून ठेवलीत" ही आवई आहे.

लीकबाबत माझं मन दुभंगलेलं आहे हेही सांगते. २००८ मध्ये अल्बमच्या आधी नऊ गाणी टाकणाऱ्या ब्लॉगरला अटक होऊन नजरकैद झाली होती, तेव्हा मला ते अती वाटलं होतं. पण कलाकारानं अर्धवट म्हणून बाजूला ठेवलेलं त्याच्या परवानगीशिवाय ऐकणं हेही बरोबर नाही. आणि तरीही त्या लीकमुळेच आज आपण म्हणू शकतो की अमुक ठिकाणी बकेटहेड होता. नाहीतर ठिगळाखाली काय होतं हे कधीच कळलं नसतं.

पडेल_राग

लीक झाली म्हणूनच ही गाणी अधिकृतपणे आली, असं मला वाटतं. २०१९ च्या आधी अकरा वर्षं काहीच नाही, आणि नंतर सहा. लोकांकडे फिरतंच आहे तर आपणच नीट करून विकू, असा हिशोब असणार.

अर्धवट_सूर

शक्य आहे, पण मधे २०१६ चं पुनर्मीलन आणि महासाथही आहे. 'ॲब्सर्ड' तर लीकचं ऋणीच नाही. ते २००१ मध्येच 'सिल्कवर्म्स' नावानं मंचावर वाजलं होतं, रॉक इन रिओ महोत्सवाच्या ध्वनिमुद्रणात आहे. लोकांनी वीस वर्षं ते विसरायचा प्रयत्न केला आणि बँडनं नेमकं तेच पहिलं काढलं!

खवचट

'परहॅप्स' तर बँडच्याही आधी बारमधल्या ज्यूकबॉक्सनं काढलं. ऑगस्ट २०२३, प्रदर्शनाच्या काही दिवस आधी डिजिटल ज्यूकबॉक्सच्या यादीत चुकून दिसायला लागलं, लोक पैसे टाकून वाजवायला लागले आणि मोबाइलवर टिपायला लागले. पंचवीस वर्षं जपलेलं गुपित बारमधल्या यंत्रानं फोडलं. वकिलाला कोणाला पत्र पाठवावं हे कळलं नसेल.

निवांत

हा हा! बरं, मग आता उरलंय काय? यादी द्या ना कोणीतरी.

अर्धवट_सूर

माझी यादी, नुसता अंदाज म्हणून घ्या. 'स्टेट ऑफ ग्रेस' आणि 'आय ऑन यू' ही दोन नावं लीकमध्ये आहेत, पैकी पहिलं मला सगळ्यात जवळचं वाटतं. 'मॉन्स्टर्स' कित्येक वर्षं चर्चेत आहे. 'ऑक्लाहोमा'चं नाव २००० च्या आसपास ॲक्सलच्याच तोंडून आलं होतं.

त्याच्याही मागे १९९४ ते ९६ ची पोकळी आहे, आणि मला खरी ओढ तिची. १९९५ मध्ये ऑझी ऑस्बोर्नचा गिटारवादक झॅक वाइल्ड यांच्याबरोबर वाजवून गेला. स्लॅश आणि झॅक एकाच खोलीत! त्यातलं काही रेकॉर्ड झालं असेल तर मला 'ॲटलस'पेक्षा ते आधी हवं. त्या काळातली स्लॅशची आपली गाणी तर कधीच बाहेर पडली. ॲक्सलनं नाकारलेला माल घेऊन त्यानं १९९५ मध्ये 'स्नेकपिट'चा पहिला अल्बम काढला, ज्यावर सोरम, गिल्बी आणि डिझीही आहेत. एका अर्थानं तो गन्स अँड रोझेसचा न आलेला अल्बमच, फक्त गायक वेगळा.

मृ_न

स्नेकपिटबद्दल +१. लोक पोतडी शोधतात आणि दुकानात पडलेलं ऐकत नाहीत.

पडेल_राग

आणि इल्युजनच्या काळातले डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग? २०१८ च्या 'ॲपेटाइट'च्या मोठ्या संचात १९८६ चे साउंड सिटी स्टुडिओतले डेमो दिले, 'नोव्हेंबर रेन' नुसत्या पियानोवर ऐकून अंगावर काटा आला. तेव्हा वाटलं, इल्युजनचाही असाच येणार. २०२२ मध्ये आला तो संच, ९७ ट्रॅकचा, आणि त्यात एकही डेमो नाही. सगळे लाइव्ह कार्यक्रम, वर 'नोव्हेंबर रेन'ला खरा वाद्यवृंद लावून नवं मिक्स. 'एंट गोइन डाउन'सारखं पूर्ण बसवलेलं गाणंसुद्धा गायब.

तबलजी

याचं कारण मला ड्रममध्ये दिसतं. त्या डेमोंपैकी काहींवर ॲडलर असणार, काहींवर सोरम, आणि इझी ठिकठिकाणी. तेवढे सगळे करार, तेवढ्या सह्या. लाइव्ह टेपवर माणसं ठरलेली असतात, भानगड कमी. अंदाज आहे, पण हट्ट धरायला हरकत नसलेला अंदाज.

कोपऱ्यातला

किंवा ॲक्सलला ते अर्धवट वाटत असेल. 'नोव्हेंबर रेन'ला एकतीस वर्षांनी वाद्यवृंद लावणाऱ्या माणसाला डेमो म्हणजे काय वाटत असेल याची कल्पना करा.

पडेल_राग

'एंट गोइन डाउन' मात्र अधिकृतपणे एका ठिकाणी आहे बरं का. १९९४ मध्ये डेटा ईस्ट कंपनीनं गन्स अँड रोझेसचं पिनबॉल यंत्र काढलं, स्लॅशला पिनबॉलचं वेड, त्यानं आराखड्यात लक्ष घातलं होतं. त्या यंत्रात या गाण्याचा तुकडा वाजतो. अल्बमवर नाही, संचात नाही, पिनबॉलमध्ये आहे.

खवचट

म्हणजे एक गाणं पिनबॉलमध्ये, दुसरं ज्यूकबॉक्समध्ये. 'स्टेट ऑफ ग्रेस'साठी सुट्टे पैसे तयार ठेवा.